कंदील उजव्या हातात

कुवेत
४ ऑक्टोबर २००९

अरे रिफअत, माझ्या दूधभावा,

सलाम तुला, तुझ्या बायकापोरांना आणि तुझ्या त्या चकचकीत बुटांनाही. फोन केला की तुझं एकच पालुपद, "शाफी, ग्रुप बरोबर आहे, नंतर बोलतो." तुझं ते नंतर काही येत नाही. म्हणून हे पत्र आपल्या गावच्या इस्माईलबरोबर पाठवतोय. कागद काही तुला मध्येच बंद करता येणार नाही.

काम अम्माचं आहे. गेल्या शुक्रवारी तिच्याशी बोललो. तिला टेकडीवरच्या आपल्या घराची भिंत बघायची आहे, एवढंच. नव्या वस्तीतल्या सिमेंटच्या खोल्यांना ती अजून घर म्हणत नाही. "त्या डब्यात" म्हणते. बुलडोझरनं सगळं कुर्ना सपाट केलं तरी आपलं घर नमुना म्हणून ठेवलंय, हे तिनं कुणाकुणाकडून ऐकलंय. अब्बा गेल्यावर तिनं म्हैस विकली, पायातले वाळे विकले आणि एकटी हजला गेली. आल्यावर रंगारी शहातनं, हाजींच्या घरावर काढतात तसं, दाराशेजारच्या भिंतीवर विमान काढलं, काबा काढला, खजुराची झाडं काढली. आणि मग अम्मानं त्याला अब्बांचं चित्र काढायला लावलं. हजला न गेलेला माणूस हजच्या चित्रात कसा, म्हणून सगळं गाव कुरकुरलं होतं. अम्मा म्हणाली, तो माझ्याबरोबरच होता, तुम्हाला दिसला नाही त्याला मी काय करू. तुला आठवतंय ना? तू तिथेच होतास.

आता टेकडीला कुंपण आहे आणि चौकीवरचे लोक जुन्या गावकऱ्यांना शेळ्यांसारखे हाकलतात. पण तुझ्याकडे गाइडचा सरकारी परवाना आहे. सगळ्या जगाला तू थडगी दाखवत फिरतोस, आपल्या आईला तिची भिंत दाखव. तुझी आई तापानं फणफणली होती तेव्हा अम्मानं एका मांडीवर मला आणि दुसऱ्या मांडीवर तुला घेतलं होतं. हे मी आठवण करून देतोय असं समजू नकोस. पण समजलास तरी चालेल.

तुझा,
शाफी


लक्सर
२२ ऑक्टोबर २००९

प्रिय शाफी,

पत्र मिळालं. इस्माईलनं तुझ्या पत्राबरोबर तुझ्या पोटाचंही वर्णन केलं. हॉस्पिटलच्या भटारखान्यात आजाऱ्यांचं जेवण कोण खातं ते कळलं.

अम्माला नेणं तुला वाटतं तितकं सोपं नाही. हंगाम सुरू झालाय. सकाळी राजांच्या दरीत, दुपारी राणीच्या देवळात, संध्याकाळी नदीपलीकडे कर्नाकला. काल एका बाईनं मला विचारलं की ममी जेवणाआधी बघावी की जेवणानंतर. असल्या लोकांबरोबर मी दिवस काढतो आणि वर हसतो. त्यात टेकडीवर चढ आहे, खडी आहे, अम्माचे गुडघे तुला माहीत आहेत. शिवाय चौकीवाल्यांना कळलं की ही इथली जुनी राहणारी, तर म्हणतील, आज ही आली, उद्या सगळं गाव येईल. माझा परवाना जाईल तो वेगळाच.

थंडी पडू दे, मग बघू. भिंत शाबूत आहे, तिची काळजी करू नका. शाबूत राहिली त्यात थोडा माझाही हात आहे, पण ते कधी तरी समोरासमोर. मी अम्माकडे जात नाही असंही समजू नकोस. मागच्याच आठवड्यात तिचं औषध पोचवलं. दारातून दिलं, घाईत होतो.

तुझा,
रिफअत


कुवेत
१० नोव्हेंबर २००९

रिफअत,

थंडी पडेपर्यंत थांबता येणार नाही. नजात, माझ्या बहिणीची मुलगी, अम्माला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. साखर डोळ्यांत उतरलीय. समोरच्या माणसाचा चेहरा धुरासारखा दिसतो, कडेनं बघितलं तरच थोडा ओळखू येतो. डॉक्टर म्हणाला, उन्हाळ्याच्या आत दोन्ही डोळे जातील, आता उपाय नाही. अम्मानं हे मला सांगितलंच नव्हतं. मला म्हणत होती, तांदूळ हल्ली फार स्वच्छ येतो, खडेच दिसत नाहीत.

आता नीट ऐक. अब्बांचा फोटो आमच्याकडे एकही नाही. ओळखपत्रावर होता, तो घर खाली करायच्या धावपळीत गेला. या दुनियेत त्यांचा चेहरा त्या एका भिंतीवर उरलाय. रंगारी शहात काही मोठा चित्रकार नव्हता, पण नाक हुबेहूब काढलं होतं. लहानपणी मीही अब्बांचं ते नाक बघून घाबरायचो. अम्माला डोळे जायच्या आत ते एकदा बघायचंय. मला रजा जूनशिवाय नाही. मागितली होती, मुकादमानं तोंडावर नाही म्हटलं.

तू नाहीच म्हणणार असशील तर सरळ नाही म्हण. मी दुसऱ्या कुठल्या तरी गाइडचे पाय धरतो. गुडघ्यांची काळजी तू करू नकोस, ती म्हणते रांगत जाईन.

शाफी


लक्सर
१ डिसेंबर २००९

शाफी,

ईद मुबारक. मला डोळ्यांचं माहीत नव्हतं. दारातून औषध दिलं तेव्हा तिनं माझ्या गालाला हात लावला होता, मला वाटलं लाडानं.

दुसऱ्या कुणाला विचारू नकोस. दुसऱ्या कुठल्याही गाइडबरोबर तिला पाठवायचं नाही, एवढं माझं ऐक. मी स्वतः नेईन. अठरा तारखेला शुक्रवार आहे, नमाजाच्या वेळेला टेकडीवर कुणी नसतं. तिला एकटीला नेईन, शांतपणे दाखवून परत आणीन.

रिफअत


नवी वस्ती, कुर्ना
१९ डिसेंबर २००९

माझ्या शाफी, काळजाच्या तुकड्या,

तुझी अम्मा सांगतेय आणि नजात लिहितेय. नजात म्हणते हळू सांग आजी, पण मला काही हळू सांगता येत नाहीये.

बघितली रे भिंत. काल बघितली.

रिफअत मोटार घेऊन आला. मी काळा झगा घातला, तू पाठवलेली चादर घेतली. मला वाटलं दोघंच जाणार, पण चौकीवाले म्हणाले ग्रुपशिवाय फाटक उघडायचं नाही. बिचाऱ्यानं किती विनवण्या केल्या, पण ते काही ऐकेनात. मग तो मला म्हणाला, अम्मा, जाऊ दे, पुन्हा कधी येऊ. मी म्हटलं, पुन्हा मला डोळे तू देणार का? तेवढ्यात त्याच्याच कंपनीची बस आली, परदेशी लोकांची. मग त्यांच्यातच बसवलं मला. एका पांढऱ्या केसांच्या बाईनं उठून मला खिडकीची जागा दिली. फार चांगले लोक.

गाव नाही रे उरलं. सगळीकडे नुसता राडारोडा. पण आपलं दार उभं आहे, बाहेरची भिंत उभी आहे. विमान फिकं पडलंय. काबा तसाच काळाभोर. मी जवळ गेले, मान वाकडी करून कडेनं बघितलं, तर तुझा बाप. तो निळा झगा, ती राखणीची बंदूक पाठीला, उजव्या हातात कंदील. शहातनं आधी डाव्या हातात काढला होता ना, मी पुसायला लावला होता. डावा हात त्या थडगीचोरांनी कुदळीच्या दांड्यानं मोडला तेव्हापासून तो कुठे उचलत होता? झग्यातच धरून असायचा. मी हात लावून बघितलं, नाकसुद्धा तिथेच आहे.

आणि मग ऐक. सगळे लोक गोळा झाले होते, रिफअत मात्र गप्प. मी म्हटलं, पोरा, सांग ना यांना हा कोण आहे ते. तो म्हणाला, राहू दे अम्मा. मी म्हटलं, आख्ख्या जगाला मेलेल्या राजांचं सांगतोस, शाफीच्या बापाचं सांगायला तुझी जीभ का अडखळते? मग बोलला. त्यांच्या भाषेत, खाली बघून, पुटपुटल्यासारखा. लोक नुसते उभे होते, एक जण घड्याळ बघत होता. मला फार वाईट वाटलं. मी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हटलं, असं मेल्यासारखं नको सांगू, मन लावून सांग. तो माझ्याकडे बघत राहिला. आणि मग पुन्हा सांगितलं, आणि या वेळी काय सांगितलंय. हातवारे केले, आवाज चढवला, कंदील दाखवला, तुझ्या बापाचा डावा हात दाखवला. हाताचं ऐकून सगळ्यांच्या तोंडून एकदम "आह" निघालं. मला भाषा कळत नाही, पण त्या माराचं सांगतोय हे माझ्या लक्षात आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग सगळ्यांनी फोटो काढले. मला भिंतीपाशी उभं केलं, तुझ्या बापाच्या शेजारी. एकानं मला काही तरी विचारलं, रिफअतनं माझ्या वतीनं उत्तर दिलं आणि सगळे हसले. मग मीही हसले. सगळ्यांना घरी चहाला बोलावलं, पण त्यांना बोट पकडायची होती.

रिफअत घरी आल्यावर उंबरा ओलांडून आतच येईना. पाणीसुद्धा न पिता गेला. दमला असेल. तू त्याला दोन शब्द चांगले लिही. माझ्या पोटचा नाही, पण काल पोटच्यासारखं वागला.

तुझी अम्मा


कुवेत
१६ जानेवारी २०१०

रिफअत,

अम्माचं पत्र आलं त्या दिवशी मी भटारखान्यातल्या सगळ्यांना माझ्या पदरचा हलवा खाऊ घातला. माझ्या भावानं आईची इच्छा पुरी केली म्हणून. तुला आभाराचं पत्रही लिहायला घेतलं होतं. ते फाडून टाकलंय.

आमच्या हॉस्पिटलात एक लेबनानी हिशेबनीस आहे. तो ईदच्या सुट्टीत बायकोला घेऊन लक्सरला गेला होता. मी तिकडचा म्हणून मोठ्या कौतुकानं मला मोबाइलवर सहलीचे व्हिडिओ दाखवत होता. हा राजांच्या दरीचा, हा कर्नाकचा, आणि म्हणाला, हा बघ, तुमच्याकडचा थडगीचोर. बघतो तर आपलं दार. त्याच्यापुढे तू, तुझे चकचकीत बूट, हातात ती छोटी काठी.

इंग्रजी मला कळतं रे. सात वर्षं इथे तेच ऐकतोय. तू म्हणत होतास, हे कुर्न्यातल्या सगळ्यांत सराईत चोराचं घर. बघा, रात्री कंदील घेऊन थडग्यात उतरतोय. बघा, डावा हात झग्याच्या आत, तिथे माल दडवलाय. आणि बायको त्याच सोन्याच्या पैशांवर मक्केला जाऊन पाप धुऊन आली. लोक खिदळत होते. माझा हिशेबनीसही खिदळत होता. मला विचारलं, तू ओळखत होतास का याला? मी म्हटलं, नाही.

माझ्या तोंडून ते "नाही" तू काढलंस. मेल्यावरसुद्धा तुला माफ करणार नाही त्याबद्दल.

अब्बा थडग्यांचे राखणदार होते. राखण करता करता हात कायमचा निकामी झाला आणि ज्यांनी मोडला त्यांची नावं कचेरीत सांगितली, म्हणून अर्धं गाव आमच्या ओट्यावर बसत नव्हतं. सगळ्या टेकडीत एक माणूस असा होता, ज्याच्या घरात थडग्यातला मणीसुद्धा आला नाही. तोच सापडला तुला? आणि आईला त्याच भिंतीशी उभं करून तू तेच परत सांगितलंस? तिच्या समोर, ती पाठ थोपटत असताना? ती रडली रे. तुझ्या त्या तमाशावर ती कृतज्ञतेनं रडली.

मी तिला काही सांगितलेलं नाही. फोनवर "हो अम्मा, फार छान सांगतो तो" म्हणालो. तू आता तोंड उघड. काय उघडायचं ते उघड.

शाफी


लक्सर
२ फेब्रुवारी २०१०

शाफी,

तू म्हणतोस ते सगळं खरं आहे. आता राहिलेलंही ऐक.

गाव पाडायचं ठरलं तेव्हा कचेरीतून एक साहेब आला होता. सगळी घरं जाणार, नमुन्याला दोन-तीन ठेवणार, तेवढ्यासाठी आम्हा गाइड लोकांना विचारलं. मी त्याला तुमच्या दारापाशी नेलं. हे राखणदार तय्यबचं घर, त्याच्या हाताची हकिकत ही अशी, सगळं सांगितलं. अगदी मन लावून सांगितलं. साहेबानं जांभई दिली. म्हणाला, राखणदार तर खूप होते, याला बघायला कोण येणार? आणि त्यानं दारावर खडूनं फुली मारली. फुली म्हणजे काय ते तुला कळेल. तू तेव्हा कुवेतमध्ये होतास. तुझ्या घरावरची फुली मी एकट्यानं बघितली.

मी म्हटलं, साहेब, खरं सांगू का, गाव सांगायला घाबरतं, पण हा सगळ्यांत मोठा चोर होता. बघा, कंदील. त्याचे डोळे चमकले. त्यानं स्वतःच्या बाहीनं फुली पुसली.

तुझ्या बापाची भिंत अशी वाचली. शेजारी उस्ता मरईचं घर होतं, हज्जा झनूबाचं होतं, सगळी इमानदार माणसं. त्यांच्या भिंती आज रस्त्याच्या भरावाखाली आहेत. मग कंपनीनं कार्यक्रमात "चोराचं घर" असं छापलं. मी नाही सांगितलं तर दुसरा गाइड सांगतो, याहून घाण सांगतो. म्हणूनच तुला लिहिलं होतं, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नकोस. पहिल्या वर्षी बोलताना माझी जीभ जड व्हायची. मग नाही झाली. लोक हसतात, बक्षीस देतात, सवय होते. मी त्यातून मुलाची फी भरली, हेही लपवत नाही.

आता त्या शुक्रवारचं. अम्मा म्हणाली, सांग. तिच्यासमोर मला खोटं सांगवेना. मी त्यांना खरं सांगितलं. पहिल्यांदा जे पुटपुटलो ते खरं होतं, शाफी. राखणदार होता, चोरांनी हात मोडला, ही त्याची बायको. एक जण घड्याळ बघत होता. एक बाई म्हणाली, पण छापील कार्यक्रमात तर चोर म्हटलंय, ते घर कधी येणार? आणि अम्मा त्या मख्ख तोंडांकडे मान वाकडी करून बघत होती. तिला वाटत होतं, नवऱ्याचं नाव ऐकून जगाला काहीच वाटत नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "असं मेल्यासारखं नको सांगू." तू तिथे असतास तर काय केलं असतंस? मला खरंच सांग, कारण मला अजून सुचलेलं नाही.

मी दुसरं सांगितलं. त्यांनी "आह" केलं. अम्माचा चेहरा असा उजळला की मला तो आता झोपेतही दिसतो.

तिला त्या माणसानं काय विचारलं, तेही सांगतो, उरायला नको. म्हातारीकडे विकायला अजून काही आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, ती म्हणते सगळं विकून झालं. त्यावर ते हसले.

खुनशीपणे लिहीत नाही, पण तू त्या हिशेबनिसाला "ओळखत नाही" म्हणालास ते एकदाच. मी रोज म्हणतो. आता तूच ठरव. कचेरीत जाऊन मी लेखी देतो की तो चोर नव्हता. मग तेच लोक पुन्हा खडू घेऊन येतील. तू म्हण, मी उद्या देतो.

रिफअत


कुवेत
२० फेब्रुवारी २०१०

रिफअत,

चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो.

लेखी देऊ नकोस. भिंत राहू दे. हे मी लिहितोय, माझ्या बापाचा मुलगा लिहितोय, ते वाचून तुला बरं वाटत असेल तर वाटू दे. अम्माला मी सांगणार नाही आणि तूही सांगायचं नाहीस. आपण दोघांनी मिळून त्याला चोर केलंय, आता निदान एकमेकांच्या तोंडावर थुंकायला तरी नको.

जूनमध्ये आलो तरी मी टेकडीवर येणार नाही. तुलाही भेटणार नाही.

शाफी


नवी वस्ती, कुर्ना
५ एप्रिल २०१०

रिफअत, लेकरा,

नजात लिहितेय. बरेच दिवस आला नाहीस. औषध दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती पाठवतोस. हंगामाची गर्दी असेल, मी रागावलेली नाही.

माझे डोळे गेले. गेल्या आठवड्यात उजवाही गेला. घाबरू नकोस, फार काही वाटत नाही. भिंत बघून झालीय ना. ती आत तशीच्या तशी आहे, कंदीलसुद्धा. फक्त एक रुखरुख आहे. शाफीला विचारलं तर तो म्हणतो रिफअतलाच विचार, आणि फोन ठेवतो. हल्ली फार फोन ठेवतो.

तू त्या दिवशी भिंतीपाशी बोललास ते मला कळलं नाही. सगळ्या जगाला यांची हकिकत कळली आणि मीच एकटी राहिले. आता अंधारात बसून तेच मनात येतं, काय बरं सांगितलं असेल पोरानं, की परकी माणसंसुद्धा हळहळली.

तर येत्या शुक्रवारी ये. बाकल्याची उसळ आणि गरम भाकरी करून ठेवायला नजातला सांगितलंय. उंबऱ्याबाहेरून जायचं नाही, माझ्याजवळ बसायचं आणि आपल्या भाषेत सगळं सांगायचं. शेजारच्या बायकांनाही बोलावते, त्यांनाही कळू दे तय्यब कोण होता ते.

पण ते पहिलं, पुटपुटलेलं, नको. दुसऱ्यांदा सांगितलंस ना, ते सांग. एक शब्द गाळू नकोस.

तुझी अम्मा